मेन फंक्शनच्या आधी रॅम कोण भरतो? थेट बोर्डवर ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना आलेली अडचण

विद्यार्थी, कॉलेज रोड, नाशिक:
नमस्कार. मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेड्युलर (कोणत्या कामाची पाळी कधी ते ठरवणारा भाग), सेमाफोर (सामाईक साधन एका वेळी किती जणांनी वापरायचे याचे नियंत्रण), पेजिंग (मेमरीची समान पानांत वाटणी) हे सारे परीक्षेपुरते पाठ आहे. पण प्रोसेसर एक काम सोडून दुसऱ्याकडे नेमका कसा वळतो, हे मला सांगता येणार नाही. म्हणून एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा ब्लू पिल बोर्ड घेतला आणि तयार लायब्ररीला हात न लावता लिंकर स्क्रिप्टपासून (कोड आणि डेटा मेमरीत कोठे बसेल ते सांगणाऱ्या फाइलपासून) सगळे स्वतः लिहिले. एलईडी लुकलुकतो, मात्र ज्या ग्लोबल व्हेरिएबलला सुरुवातीलाच ५ ही किंमत दिली आहे, त्यात भलताच आकडा दिसतो. चूक कोठे असावी? आणि पुढच्या अभ्यासाला हा बोर्ड पुरेल, की रास्पबेरी पाय घ्यावा?

अंबडकर:
तो ५ फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत), म्हणजे हेक्स ०८०००००० या पत्त्यापासूनच्या भागात आहे. व्हेरिएबल मात्र २००००००० पासूनच्या रॅममध्ये राहते, आणि वीज आल्यावर तेथे काय असेल याचा भरवसा नसतो. रिसेटनंतर हा प्रोसेसर व्हेक्टर टेबलच्या (फ्लॅशच्या आरंभीच्या पत्त्यांच्या यादीच्या) पहिल्या चार बाइटांतून स्टॅक पॉइंटर (स्टॅक म्हणजे तात्पुरत्या नोंदींची मेमरी, तिचा चालू पत्ता) आणि पुढच्या चारांतून रिसेट हँडलरचा, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या कोडचा, पत्ता उचलतो. बाकी सारे तुमच्यावर. डेटा विभाग (सुरुवातीची किंमत दिलेली ग्लोबल व्हेरिएबल) फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवणे आणि बीएसएस विभाग (किंमत न दिलेली) शून्य करणे ही कामे एरवी स्टार्टअप कोड मुकाट्याने करतो, आणि तुम्ही नेमका तोच वगळला आहे.

ते जमले की दोन टास्क लिहा, प्रत्येकाला वेगळा स्टॅक द्या आणि प्रोसेसरमधल्याच सिस्टिक टाइमरने त्यांची आलटून पालटून पाळी लावा. टाइमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) येताच कॉर्टेक्स-एम३, म्हणजे या चिपमधला प्रोसेसर, आठ रजिस्टर आपणहून स्टॅकवर ठेवतो. आर४ ते आर११ ही रजिस्टर मात्र असेंब्लीत स्वतः जपावी लागतात, आणि मग स्टॅक पॉइंटर बदलून परतायचे, एवढेच. (माझा दुसरा टास्क आठवडाभर हार्डफॉल्टमध्ये (प्रोसेसरच्या गंभीर चुकीच्या अवस्थेत) जात होता, कारण त्याच्यासाठी आधीच रचून ठेवलेल्या स्टॅकवर थंब बिट (थंब प्रकारच्या सूचना चालवायच्या आहेत ही खूण) लावायचा राहिला होता.)

पंचवटीहून एक वाचक:
वरील उत्तर टास्कपुरते पटते. परंतु या चिपमध्ये एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) नाही, त्यामुळे पेजिंग आणि प्रत्येक प्रोसेसचा स्वतंत्र पत्ता-अवकाश येथे शिकता येणार नाही. तरी रास्पबेरी पाय लगेच घेऊ नये, असे माझे मत आहे. तेथे आधी जीपीयूचे (चित्रे हाताळणाऱ्या प्रोसेसरचे) फर्मवेअर उठते, आणि पुढे चार कोअरपैकी तीन निजवून ठेवण्यातच नवशिक्याचा दम जातो. त्याऐवजी एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम क्यूइमू या एम्युलेटरमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रिस्क-व्ही प्रकारच्या प्रोसेसरवर चालवा आणि जीडीबी या डीबगरने ती थांबवून पेज टेबल पाहा. मात्र बोर्ड सोडू नका: क्यूइमूत ईएलएफ फाइल (तयार झालेला प्रोग्रॅम) थेट रॅममध्ये चढवता येते, त्यामुळे तुमची ही चूक तेथे कदाचित दिसलीही नसती.

विद्यार्थी, कॉलेज रोड, नाशिक:
आपणा दोघांचे आभार. डेटा उतरवणारे लूप घातल्यावर ५ दिसू लागला. रास्पबेरी पायची खरेदी लांबणीवर टाकली असून आज रात्री सिस्टिकला हात घालतो.