बायकांना स्टेंट टाकायच्या आधी प्रेशर वायर लावलीच पाहिजे, माझं ठाम मत

कवलापूरकर

मंडळी जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात आईची अँजिओग्राफी झाली. वय ६१, चालताना छातीत भरून यायचं आणि पाठीत दोन फऱ्यांच्या मधे दुखायचं. अर्ध्या तासात मला आत बोलावलं, टीव्हीवर नळीचं चित्र दाखवलं, म्हणाले एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या नळीत, साठ टक्के ब्लॉक आहे, टाकून घेऊ का स्टेंट, पाच मिनिटात सांगा. काचेच्या पलीकडं आई हिरव्या कापडाखाली, नुसते तळवे दिसत होते आणि टाचेच्या भेगांत बागेतली माती तशीच. मामा म्हणाले एकदाच उरकून टाक. मी सही केली नाही. सीडी घेतली आणि मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी प्रेशर वायर, म्हणजे नळीच्या आत प्रेशर मोजणारी बारीक तार, घालून एफएफआर नावाचा नंबर काढला, ०.८६ आला. ०.८० किंवा खाली असला तर स्टेंटचा उपयोग, वर असला तर गोळ्या. स्टेंट वाचला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या शेतातल्या ड्रिपच्या फिल्टरला दोन्ही बाजूला प्रेशरचे काटे असतात की नाही, अलीकडं दोन किलो आणि पलीकडं पण जवळपास तेवढंच असलं तर फिल्टर कितीही मळका दिसू दे, पाणी जातंय. एफएफआर म्हणजे तेच, ब्लॉकच्या पलीकडचं प्रेशर भागिले अलीकडचं.

आता मुद्दा. २००९ साली या वायरवर फेम नावाची मोठी ट्रायल आली, १००५ पेशंट, त्यात बायका फक्त २६१. नंतर त्यातल्या बाई-पुरुषांचे आकडे वेगळे काढले तेव्हा दिसलं की फोटोत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकपैकी पुरुषांत जवळपास ४० टक्के खरोखर अडवणारे निघाले आणि बायकांत फक्त २१ टक्के. म्हणजे पाचातले चार ब्लॉक नुसते दिसायला! बाईचं हृदय लहान, त्याला लागणारं रक्त कमी, म्हणून तेवढ्याच ब्लॉकनं तेवढं अडत नाही. मग नुसत्या डोळ्यानं बघून बाईला स्टेंट टाकणं म्हणजे अंदाजपंचे. मी तर म्हणतो सही करायच्या आधी घरच्यांनी वायर मागितलीच पाहिजे.

वाळव्याचा_पैलवान

दादा आई बऱ्या आहेत ऐकून बरं वाटलं पण असलं लिहिणं डेंजर आहे. आमच्या मावशीला रात्री घाम सुटून अटॅक आला, घरातला एक शहाणा म्हणाला थांबा, दुसरं मत घेऊ, फोनवर सगळी डॉक्टर झालेली. तोवर पहाट झाली, मावशी वाचल्या पण हार्टचं पंपिंग पार खाली आलं, आता दोन पायऱ्या चढत नाहीत. तुमचा धागा वाचून उद्या कोणतरी अटॅकमधे वायर वायर करत बसंल. आणि प्रत्येक डॉक्टर स्टेंट विकायलाच बसलाय असला सूर का?

कवलापूरकर

पैलवान बरोबर, हे मीच आधी लिहायला पाहिजे होतं. अटॅक चालू असताना बंद पडलेली नळी ताबडतोब उघडायची, तिथं वायरनं मापत बसायचं नसतं, वेळ म्हणजे स्नायू. मी बोलतोय ते महिनोन्‌महिने चालताना दुखतंय असल्या पेशंटबद्दल. डॉक्टरला चोर म्हटलेलं नाही, पाच मिनिटात सांगा याला विरोध आहे.

कॅथलॅबवाला_सातारा

टेक्निशियन आहे, बारा वर्षं कॅथलॅबमधे, म्हणजे अँजिओ आणि स्टेंट करतात त्या खोलीत, उभा आहे, म्हणून थोडं बोलतो. आकडे बरोबर आहेत पण निष्कर्ष अर्धाच काढलाय. त्याच फेममधे वायरनं ठरवून केलेल्यांत वर्षभरात मृत्यू, अटॅक, परत प्रोसिजर सगळं मिळून १३.२ टक्के आणि नुसत्या फोटोवर केलेल्यांत १८.३, स्टेंटसुद्धा सरासरी २.७ वरनं १.९ वर आले, आणि हा फायदा बाई-पुरुष दोघांनाही झाला. मग फक्त बायकांना वायर मागा हा नियम कुठनं आला? पुरुषांतसुद्धा ४० टक्केच खरे निघाले म्हणजे ६० टक्के खोटे की! तुमच्या मामांना साठ टक्के ब्लॉक सांगितला तर ते पण असंच उरकून टाका म्हणतील. सगळ्यांनाच मागा.

दुसरं, वायर म्हणजे अर्धंच काम. स्टेंट टाकायचा ठरला की मग बायकांत खरी गंमत आहे. त्यांच्या नळ्या बारीक, अडीच मिलिमीटर का पावणेतीन हे फोटोवर धड कळत नाही, छोटा स्टेंट बसवला तर भिंतीला चिकटत नाही आणि मोठा बसवला तर कड फाटते. तिथं आयव्हस लागतं, नळीच्या आतनं सोनोग्राफी म्हणा. कोरियातल्या २०२३ च्या ट्रायलमधे अवघड ब्लॉकवर आतनं बघून केलेल्यांत ती नळी पुन्हा गोत्यात यायचं प्रमाण ७.७ टक्के, न बघता १२.३. त्यात पण बायका पाचात एकच होती बरं का. २०२४ च्या युरोपियन गाइडलाइननं अवघड ब्लॉकला हे पहिल्या दर्जाचं ठरवलंय. धागा काढायचाच तर यावर काढा.

आणि वायर का लावत नाहीत ते पण सांगतो, दिवसाला केसेसची रांग, वायरचे वेगळे पैसे, आणि एफएफआर मापताना रक्ताचा प्रवाह वाढवायला अ‍ॅडिनोसिन नावाचं औषध दिलं की पेशंटला मिनिटभर छाती आवळल्यासारखी होते, एक आजी तर मेले मेले म्हणून माझा हात धरून बसल्या होत्या. आता आयएफआर आहे, तसाच वायरनं काढायचा दुसरा नंबर, त्याला ते औषध लागत नाही, कटऑफ ०.८९.

जतचा_दुष्काळी

तुमचं सगळं अँजिओच्या टेबलावरचं चाललंय. आमच्याकडं बाईला त्या टेबलापर्यंत नेतंय कोण? वडिलांना छातीत कळ आली तर त्याच रात्री जीप काढली, सांगलीत भरती. आईला तसंच झालं तर लिंबू सोडा, मग गावातला डॉक्टर, मग पित्ताची गोळी, मग म्हणे पाहुण्याचं लग्न उरकू दे. दोन महिन्यांनी ईसीजी काढला. कसला वायर आणि कसला आयव्हस. वादच करायचा असला तर त्यावर करा.

वाळव्याचा_पैलवान

+१ जतकर. आणि पैशाचं पण बोला. फेब्रुवारी २०१७ मधे सरकारनं औषध सोडणाऱ्या स्टेंटची किंमत २९,६०० वर आणली, त्याआधी लाखाच्या वर बिलं व्हायची. पण तो आदेश स्टेंटचा, वायरचा नव्हे. टाकलेला स्टेंट योजनेत बसतो आणि न टाकण्यासाठी केलेली तपासणी खिशातनं, असलं असंल तर गरीब माणूस काय निवडणार?

कवलापूरकर

कॅथलॅबवाले दादा, सगळ्यांना मागा हे मान्य. तरी बायकांचं वेगळं सांगावंच लागतं असं माझं मत आहे, कारण फेममधे बाई चारात एक आणि तुमच्या कोरियाच्या ट्रायलमधे पाचात एक. ०.८० हा आकडा बऱ्यापैकी पुरुषांवरनं आलेला. बाईचा नंबर तसाही जरा वरच येतो, म्हणजे तिला स्टेंट लागायची शक्यता कमी, हे घरच्यांना माहीत असायला नको?

रहिमतपूरची_सून

मी कधी लिहीत नाही पण आज राहवलं नाही. दादा तुम्ही एक बाजू बघताय, मी दुसऱ्या बाजूला तीन वर्षं काढली आहेत.

माझं वय ४९. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की दोन्ही हात वर केल्यावर जबड्यापासून छातीपर्यंत आवळून यायचं, मी तारेला धरून उभी राहायचे, सासूबाई खालनं हाका मारायच्या. अँजिओ केली, नळ्या स्वच्छ, फक्त एका ठिकाणी चाळीस टक्के ब्लॉक, वायर पण घातली, ०.९१. डॉक्टर हसून म्हणाले अभिनंदन, हार्ट एकदम ओके, टेन्शन कमी करा. घरी आल्यावर सगळ्यांना कळलं की मी नाटक करते. मिस्टरांनी पण दोनदा बोलून दाखवलं. दुखणं तेवढंच होतं, फक्त आता सांगायची सोय राहिली नव्हती.

तुम्ही ड्रिपचं उदाहरण दिलंत ना, आमची पण आल्याची शेती आहे म्हणून विचारते. खाली सगळे ड्रिपर क्षारानं चोकअप झालेत, पाणी पुढं सरकतच नाही, तेव्हा फिल्टरचे दोन्ही काटे काय दाखवतात? सारखेच दाखवतात की! पाणी वाहिलं तर प्रेशर पडणार. काटा म्हणतो फिल्टर झकास आणि प्लॉट वाळतोय. हृदयाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या, ज्या अँजिओत दिसतच नाहीत, त्या नीट उघडत नसल्या तर एफएफआर चांगलाच येणार. बायकांचा नंबर वर येतो त्याचं एक कारण हृदय लहान हे आहे, पण दुसरं हे पण आहे, ते तुम्ही सोडलंत.

पुण्यात तिसऱ्या डॉक्टरांनी त्या बारीक वाहिन्यांची टेस्ट केली तेव्हा सापडलं. आता गोळ्यांवर आहे, कपडे मीच वाळत घालते. स्कॉटलंडमधे २०१८ साली अशाच लोकांवर ट्रायल झाली, नळ्या मोकळ्या पण छातीत दुखतंय असे १५१ जण, त्यात पाऊण बायका. टेस्ट करून त्याप्रमाणं औषध दिलं त्यांचं दुखणं सहा महिन्यांत बाकीच्यांपेक्षा चांगलं कमी झालं. त्यामुळं ०.८६ आला म्हणून स्टेंट वाचला इथवर ठीक. आईंचं दुखणं कशामुळं होतं ते सापडलं का?

कॅथलॅबवाला_सातारा

ताई बरोबर बोलल्या. लॅबमधे नंबर चांगला आला की आम्ही वायर काढतो आणि पुढचा पेशंट घेतो, पेशंटला विचारत कोणी नाही. माझाही मुद्दा जरा मागं घेतो, वायर सगळ्यांना सारखी पण चांगल्या नंबरचा अर्थ सगळ्यांना सारखा नाही.

वाळव्याचा_पैलवान

तरी मी म्हणणार, घरच्यांनी गूगल करून डॉक्टरला टेस्टची नावं सांगायची हे काय पटत नाही. आज वायर मागा, उद्या बारीक वाहिन्यांची टेस्ट मागा, डॉक्टर शिकलाय कशाला मग.

रहिमतपूरची_सून

दादा तीन वर्षं मी काहीच मागितलं नव्हतं.

कवलापूरकर

ताई तुमचं वाचून रात्री आईला विचारलं, दुखतंय का अजून. तिचं उत्तर, "तुझा तो नंबर चांगला आलाय म्हणून मी गप बसले." बागेत विरळणीला बायकांच्या मागनं जाते म्हणे, मधे मधे वेलीखाली बसते आणि पायात काटा मोडला म्हणून सांगते. महिनाभर मी येईल त्याला ०.८६ सांगत फिरत होतो.

सोमवारी मिरजेला नेतोय. डॉक्टरांना नेमकं काय म्हणून विचारू?

कॅथलॅबवाला_सातारा

चिठ्ठीवर सीएफआर आणि आयएमआर लिहून न्या, बारीक वाहिन्यांची तपासणी म्हटलं तरी कळेल. सगळीकडं होत नाही, आधी फोन करून विचारा. मागची सीडी न्या. आणि दुखणं कशानं येतं, किती वेळ राहतं ते आईंना स्वतः सांगू द्या, तुम्ही मधे बोलू नका.