नागपुरात क्यूसी केमिस्टची नोकरी: जाहिरातच न येणाऱ्या जागांपर्यंत पोचायचं कसं? (मदत हवी आहे)

अंबाझरी

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

वय ३६, एम.एस्सी. केमिस्ट्री. बुटीबोरीतल्या एका औषध कंपनीत अकरा वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या तपासणीत, होते. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन), डिसोल्यूशन (गोळी किती विरघळते ते), यूव्ही, स्टॅबिलिटी (औषध किती टिकतं ते), सगळं हाताखालून गेलंय. एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, चाचण्या करण्यासाठीचं अप्रूव्हलही आहे, केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटल दोन्ही. फेब्रुवारीत कंपनीनं इथली टेस्टिंग दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली आणि आम्हा नऊ जणांना दोन महिन्यांचा पगार देऊन मोकळं केलं.

तेव्हापासून रोज रात्री स्वयंपाकघर आवरलं की लॅपटॉप उघडून बसते. वहीत नोंद ठेवली आहे: ११४ अर्ज, सात फोन. त्यातले पाच हैदराबाद, अंकलेश्वर, बद्दीचे. मला नागपूर सोडणं शक्य नाही. सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, यांची नोकरीही इथलीच.

मागच्या आठवड्यात एका लग्नात माझी जुनी ज्युनिअर भेटली. कळमेश्वरच्या एका लॅबमध्ये नुकतीच लागली म्हणाली. मी विचारलं, जाहिरात कुठे आली होती गं? तर म्हणे, "जाहिरात नव्हतीच ताई. तिथली एक मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली. सरांनी स्टाफला विचारलं, कोणी आहे का ओळखीत? माझ्या चुलतभावानं नाव सांगितलं, दोन दिवसांत बोलावलं." तिला डिसोल्यूशनचं मशीन मीच शिकवलं होतं. तिचं चांगलं झालं याचा मनापासून आनंद आहे, ती मुलगी हुशार आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तिथून दीड तासावर मी बसलेली, आणि त्या जागेचा मला पत्ताच नाही.

मग ठरवलं, स्वतः फिरायचं. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो, पिशवीत बायोडेटाच्या बारा प्रती. हिंगणा एमआयडीसीत पाच गेटांवर गेले. चौथ्या गेटवरच्या गार्डदादांनी आदरानं घेतला कागद. रजिस्टर उचललं, त्याखाली तसलेच पंधरा-वीस बायोडेटा होते, सगळ्यात वरच्या कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग. माझाही त्यावर ठेवला आणि रजिस्टर परत खाली टेकवलं.

तर मला विचारायचं आहे की या जागा नेमक्या कोणाला आधी कळतात? माझे नातेवाईक शिक्षक नाहीतर बँकेत, या लाइनमध्ये आमचं कोणी नाही. आणि अनोळखी माणसाला विचारायचं तर शब्द कुठले वापरायचे? फोन हातात घेते आणि घसा कोरडा पडतो. आपण हात पसरतोय असं वाटतं.

बर्डीचा_पोरगा

ताई, गेटवर काहून उभ्या राहून राहिल्या? गेट म्हणजे एचआर, अन् जागा रिकामी झाल्याचं एचआरले सगळ्यात शेवटी कळते. आधी कळते सेक्शन हेडले, ज्याच्या हाती राजीनामा पडला. तो पहिले आपल्या टीमले विचारते, मग ओळखीच्या दोन-चार लॅबवाल्यांले. तिथे जमलं नाही तर एचआर, मग कन्सल्टन्सी, अन् त्यानंतर जाहिरात. तुम्ही पाच महिने शेवटच्या पायरीवर उभ्या आहा.

मी चौदा वर्षांपासून लॅबच्या मशीनची सर्व्हिसिंग करतो. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, मिहान, सगळीकडे जाणं आहे. नवीन एचपीएलसी आली की इन्स्टॉलेशनले मीच. आयक्यू-ओक्यू (मशीन नीट बसलं अन् नीट चालते का याची तपासणी) होईस्तोवर दोन-तीन दिवस तिथेच बसतो, अन् हरेक ठिकाणी चहा पिता पिता हेड विचारतेच, "चालवणारं कोणी चांगलं आहे का हो तुमच्या पाहण्यात?" मशीन पंचवीस-तीस लाखाचं घेऊन टाकते, माणसाचा विचार नंतर सुरू होते. अशी आजवर मी बरीच नावं सुचवली, अन् पोरं लागली बी.

तुमच्या लॅबले जो इंजिनिअर पीएमले (मशीनच्या ठरावीक देखभालीले) येत होता, त्याचा नंबर असेलच. कॉलम अन् सॉल्व्हंट विकणारा पोरगा येत होता न? वजनं कॅलिब्रेट करणारा? ह्या लोकांले कोणत्या लॅबचं काम वाढलं, कुठलं माणूस चाललं, सगळं ठाऊक असते. तुमची लाइनमध्ये ओळख नाही हे म्हणणं मले पटत नाही. अकरा वर्षं हे लोक तुमच्याच टेबलाशी येऊन सह्या घेऊन गेले.

ओंजळ

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी समाजशास्त्र शिकवते, म्हणून भर घालते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक गाजलेला निबंध नेमका यावरच आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं की ज्यानं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा असं सांगणारे १६.७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच म्हणणारे २७.८. नमुना लहान होता आणि काळ जुना आहे, पण कारण आजही पटतं: घरच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. नवी बातमी लांबचा माणूस आणतो. त्यामुळे नातेवाईक या लाइनमध्ये नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका.

धरमपेठी

ताई, फक्त औषध कंपन्यांकडे बघू नका. पाणी, अन्न, कोळसा, पर्यावरण यांच्या तपासणीच्या खाजगी लॅब नागपुरात आहेत, आणि एचपीएलसीवर बसलेला हात त्यांनाही चालतो. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या साइटवर शहर टाकून शोधा. मान्यता असलेल्या लॅबची यादी निघते आणि कोणती लॅब कोणत्या चाचण्या करते तेही कळतं. तुमच्या चाचण्या जिथे जुळतील तिथल्या लॅब हेडचं नाव काढा आणि थेट त्यांना लिहा.

दुसरी गोष्ट लोक वापरत नाहीत. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या अभ्यासाच्या) अधिसूचनेखाली येणाऱ्या बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना आधी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश प्रदूषण नियंत्रण मंडळ साइटवर टाकतं, मराठीतही. कंपनी कुठे येतेय, काय बनवणार, माणसं किती लागणार, हे त्यात असतं. रासायनिक कारखाना उभा राहतोय म्हणजे लॅब आलीच. भरती पुढे वर्ष-दीड वर्षानं होईल, पण नाव आत्ता माहीत होतं.

आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

अंबाझरी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. रात्री जुना फोन चार्ज करून नंबर काढले, अकरा निघाले. हा मेसेज लिहिला आहे, बघता का?

"नमस्कार सर. तुम्ही आमच्या लॅबला पीएमला यायचात, मी क्यूसीला होते. मार्चपासून घरी आहे. तुमच्या ओळखीत कुठे नोकरी असेल तर कृपया नक्की कळवा, खूप गरज आहे."

बर्डीचा_पोरगा

शेवटचं वाक्य काढा. "नोकरी असेल तर कळवा" म्हटलं की समोरचा "आत्ता तर नाही" म्हणून मोकळा होते. त्याले माहिती विचारा: "तुम्ही जाता त्यातल्या कोणत्या लॅबचं काम सध्या वाढून राहिलं? तिथे कोणाशी बोलावं?" याचं उत्तर द्यायले कोणालेही बरंच वाटते. अन् तुम्हालेही हात पसरल्यासारखं वाटणार नाही. एफडीए अप्रूव्हल पहिल्या ओळीत टाका, ते कुठे दडवून ठेवलं?

अंबाझरी

दादा, तसंच केलं. अकरा जणांना पाठवला. चौघांनी उत्तर दिलं, दोघांनी स्वतःहून फोन केला. सॉल्व्हंटवाल्या मुलानं तर "मॅडम, तुम्ही घरी बसल्या हे माहीतच नव्हतं" म्हणून हळहळ व्यक्त केली आणि बुटीबोरीतल्या एका क्यूसी हेडना माझ्याबद्दल सांगितलं. मी त्यांना फोन केला. घसा याही वेळी कोरडा होता, पण बोलले. जागा सध्या नाही, पण दिवाळीनंतर दोन स्टॅबिलिटी चेंबर (औषध किती टिकतं ते बघायची कपाटं) येताहेत म्हणाले. शनिवारी साडेदहाला लॅब बघायला बोलावलंय.

आता एवढंच सांगा: ही मुलाखत नाहीये, मग त्यांनी आधीचा पगार विचारला तर आकडा तिथेच सांगू, की जागा निघाली की बोलू म्हणू? आणि बायोडेटासोबत अप्रूव्हलची प्रत नेऊ ना?