गडावर पाय न ठेवता गडांचं चॅनेल, वर आम्हालाच शहाणपण?

पाली_दरवाजा
काल डिजिटलभाऊंनी इथे पोस्ट टाकली होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्क्रिप्ट चॅटजीपीटीची, चित्रं एआयची, आवाज इलेव्हनलॅब्स या मशीनी आवाजाच्या ॲपचा, तोही "फुकटात", रोज एक किल्ला, महिन्याला लाखाची कमाई. आणि शेवटी वरकडी म्हणून, "आता उगाच घाम गाळत गड चढायची गरज नाही." खाली सगळे टाळ्या पिटतायत. कमेंटमध्ये मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी बसून त्यांचे व्हिडिओ बघितले. राजगडावर संगमरवरी घुमट. बालेकिल्ल्यावर हत्ती उभे! ज्याने ती बालेकिल्ल्याची उभी वाट खोबणीत बोटं अडकवून चढलीय त्याला विचारा हत्ती कुठून नेणार ते. आणि संजीवनी माचीची ती चिलखती, म्हणजे दुहेरी, तटबंदी, जिच्यासाठी माणूस एवढी तंगडतोड करतो, ती व्हिडिओत नाहीच, कारण मशीनला किल्ला म्हटलं की राजस्थान आठवतं. पुढच्या व्हिडिओत महाराजांनी जंजिरा जिंकला. मग समोर पद्मदुर्ग कशाला बांधला, मासे वाळत घालायला? तिसऱ्यात सिंहगड युनेस्कोच्या यादीत. जुलै 2025 मध्ये जे 12 किल्ले यादीत गेले त्यात सिंहगड नाहीये, 11 महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. शोधायला दोन मिनिटं लागतात.

एआय वापरू नका असं मी म्हणतच नाहीये. पण ते चुकतंय हे कळायला स्वतःला तरी काही यायला हवं ना?

डिजिटलभाऊ
दादा नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे, सकाळपासून सबस्क्रायबर वाढलेत.

मी चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट फिरती, सुट्टीच्या दिवशी गावाकडची कामं. तुमच्यासारखं दर शनिवारी गाडी काढून राजगडाखालच्या गुंजवण्याला जाणं सगळ्यांना परवडत नाही. कॅमेरा नाही, माइक नाही, एक मोबाइल आहे. त्यावर मी काहीतरी उभं केलं तर पुण्याच्या लोकांना पोटदुखी. जंजिऱ्याची चूक लोकांनी शिव्या घालून सांगितली, ती वर पिन केलीय. घुमटाचं म्हणाल तर थंबनेलला काळा दगड टाकला की कुणी क्लिक करत नाही हो, करून बघितलंय. आणि ड्रोनवाल्यांनी तर बोलूच नये. संरक्षित स्मारकावर उडवायला परवानगी लागते, किती जणांनी घेतलीय?

पाली_दरवाजा
माझ्याकडे ड्रोन नाही. विषय बदलू नका.

आवाजवाली
मी बोलते कारण माझं पोट यावर होतं. एका क्लासवाल्यांसाठी शाळेचे धडे रेकॉर्ड करायचे, चांगलं चाललं होतं. यंदा फोन आला की मॅडम आता वाचायची गरज नाही, मशीनने वाचलेलं फक्त तपासून द्याल का, पैसे निम्म्याहून कमी. मी ऐकलं ते. 1665 ला "एक हजार सहाशे पासष्ट" म्हणतंय, "चव" मधला च चहातल्यासारखा, "जरा" तर सरळ हिंदी. मी चुका लिहून पाठवल्या, तर उत्तर आलं की मुलांना काही फरक पडत नाही. डिजिटलभाऊंवर माझा राग नाही, त्यांनी मला कधीच कामाला लावलं नसतं. पण "आवाज फुकटात होतो" हे वाक्य जरा बघून लिहा.

कडेकपारी
पाली दरवाजा साहेब, तुमचा राग रास्त आहे पण एआयने हे शिकलं कुणाकडून? आपल्याच लोकांकडून. सिंहगडावर जा, अर्धे लोक पोरांना सांगत असतात की तानाजीने घोरपडीला दोर बांधून कडा चढला. घोरपड माणसाचं वजन पेलते का? ही गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली असं आहे. सिंहगड हे नावसुद्धा 1670 च्या त्या लढाईच्या आधीचं, 1663 च्या पत्रात आहे. म्हणजे "गड आला पण सिंह गेला" वरून नाव पडलं ही पण आपलीच भर. माणसांनी रचलं तर परंपरा, मशीनने रचलं तर पाप?

मावळा_एक
तुमच्यासारख्या पुस्तकी लोकांमुळे वाटोळं झालंय. तानाजींनी पोराचं लग्न बाजूला ठेवून जीव दिला आणि तुम्ही घोरपडीचं वजन मोजताय. लाज वाटली पाहिजे. आमच्या मालुसऱ्यांच्या पराक्रमावर शंका घ्यायची नाही.

कडेकपारी
शंका कुणी घेतली? उलट ऐन फेब्रुवारीच्या रात्री दोराशिवाय डोणागिरीचा कडा चढणारी माणसं मोठी की घोरपडीला लटकणारी, तुम्हीच सांगा. घोरपड काढली की पराक्रम वाढतो, कमी नाही होत.

मावळा_एक
पोवाडा खोटा आणि तुमची बखर खरी, हे कुणी ठरवलं? बखर पण नंतरच लिहिलीय ना.

कडेकपारी
हो, नंतरच लिहिलीय. पण सभासदाने महाराजांचा काळ डोळ्यांनी बघितला होता, राजारामांनी सांगितलं म्हणून जिंजीत बसून लिहिली. पोवाडा मनाने ऐकायचा असतो, तारखा काढायला नाही.

रानवाटा
घोरपडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, यूट्यूबवर घोरपडीच्या तेलाचे व्हिडिओ धडाधड चालू आहेत, गुडघेदुखी आणि काय काय. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल वन मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. रिपोर्ट मारून मारून माझा अंगठा दुखला. एआयवर एवढं बोलताय, त्याच्याकडे बघा आधी.

पाली_दरवाजा
धागा एआय चॅनेलचा आहे मंडळी.

एडिसनकर
न्यू जर्सीतून बोलतोय. माझ्या मुलांना मराठी जेमतेम येतं. हे एआयवाले किल्ल्यांचे व्हिडिओ इंग्रजीत डब होऊन दिसतात, ते बघून माझ्या मुलीने पहिल्यांदा विचारलं की बाबा पुरंदरचा तह काय होता. 23 किल्ले का द्यावे लागले, कोंढाणा त्यातलाच, वगैरे सांगत आम्ही उशिरापर्यंत बसलो. तुमच्या शुद्ध, धापा टाकत केलेल्या ट्रेक व्हिडिओंनी हे कधी झालं नव्हतं. वाऱ्याच्या आवाजात काही ऐकूच येत नाही त्यात.

पाली_दरवाजा
वाऱ्याचं मान्य. मुलीला जंजिऱ्याचं पण सांगून टाका मग.

धाकटा_सीए
भावना बाजूला ठेवून पैशाचं बोलू. यूट्यूबकडून जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितले गेलेले लागतात, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. 15 जुलै 2025 पासून एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या व्हिडिओंचा नियम आणखी स्पष्ट केलाय. एआयला बंदी नाही, पण रोज तोच साचा, फक्त किल्ल्याचं नाव बदललं, तर कमाई बंद होऊ शकते. शिवाय खरं वाटेल असं दृश्य एआयने केलं असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं. डिजिटलभाऊ, तुमच्या चॅनेलवर जाहिरात एकदाही दिसली नाही मला. लाख कुठून येतात?

डिजिटलभाऊ
माझी चित्रं कार्टूनसारखी आहेत, त्यांना ते लेबल लागत नाही, वाचून आलोय मी. लाख हा पोटेन्शियल आकडा होता. मोनेटायझेशन प्रोसेसमध्ये आहे.

धाकटा_सीए
प्रोसेसमध्ये म्हणजे तास भरले नाहीत. आणि बायोत 499 रुपयांच्या कोर्सची लिंक आहे, "एआयने चॅनेल उभारा". कमाई किल्ल्यांची नाहीये मंडळी, आपल्यासारख्या वाचणाऱ्यांची आहे.

डिजिटलभाऊ
कोर्स विकणं गुन्हा आहे का? सीए पण सल्ल्याचे पैसे घेतातच की.

धाकटा_सीए
आम्ही ताळेबंद दाखवतो.

सुगरणकाकू
अरे किती भांडता. माझं कोल्हापुरी जेवणाचं छोटं चॅनेल आहे, मोबाइलवरच करते. एआय मी रोज वापरते. मिक्सरचा आवाज आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढायला, सबटायटलला, थंबनेलवरची अक्षरं करायला. नाहीतर माझ्या भाच्याच्या हातापाया पडावं लागायचं आणि तो पोरगा आठ-आठ दिवस लावायचा. एकदा हौसेने तांबड्या रश्श्याची कृती पण त्यालाच विचारली, तर क्रीम घालायला सांगतंय मेलं. मला रस्सा येतो म्हणून हसून सोडून दिलं. नवीन लग्न झालेल्या पोरीने विचारलं असतं तर घातलं असतं तिने, आणि सासूने ते खाल्लं असतं.

पाली_दरवाजा
काकू, मी वर एवढं लिहून जे सांगत होतो ते तुम्ही रश्श्यात सांगितलंत.

डिजिटलभाऊ
काकूंना सगळे हो म्हणणार, मला शिव्या. ठीक आहे. राजगडाचा व्हिडिओ परत करतो. दादा तुमचे संजीवनीचे फोटो द्या, क्रेडिट देतो. आणि आवाजवाली ताई, दहा मिनिटांचे किती घेता?

आवाजवाली
स्क्रिप्ट आधी कडेकपारींना दाखवा, मग दर सांगते. चुकीचं वाचायचे दुप्पट घेते.

पाली_दरवाजा
फोटो देईन. घुमट काढल्यावर.

कडेकपारी
मी फुकटात तपासणार नाही, 499 मधले अर्धे पाठवा. 😀 मावळा_एक, बखरीचं ते पान मेसेज केलंय तुम्हाला, वाचलंत का?

मावळा_एक
वाचलं. वानर तर वानर. पण आमच्या गावच्या नाटकात घोरपडच राहणार, तिथे बखर घेऊन येऊ नका.

रानवाटा
खरी घोरपड आणणार नाही ना पण? सांगितलं ना, शेड्यूल वन आहे.

मावळा_एक
रबराची आहे. गप्प बसा आता.