खांदा आखडलाय की स्नायू फाटलाय? एमआरआय बघून ऑपरेशन सांगितलंय

निफाड_बाग: वडील ५६ वर्षांचे, द्राक्षबागेचं काम, शुगर आहे. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतो. त्या कुशीवर झोपता येत नाही, शर्टाची बाही चढत नाही. मार लागलेला नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसला (हात उचलणारा खांद्यावरचा स्नायू) 'पार्शल टेअर', म्हणजे अर्धवट फाटल्याचं आलंय. नाशिकला एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून शिवायला सांगितलं, दुसरे म्हणतात फ्रोजन शोल्डर आहे, व्यायाम करा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. कोणाचं ऐकायचं?

खांदेपालट: रिपोर्ट घडी घालून ठेवा, आधी हात बघा. पन्नाशीनंतर अर्धवट फाटलेला कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायूबंध, सुप्रास्पायनेटस त्यातलाच) न दुखणाऱ्या खांद्यातही सापडतो. नुसत्या त्या ओळीवर टाके घालायचे नसतात.

वडिलांना उताणं झोपवा. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा, मनगट धरा आणि दार उघडावं तसा हात हळूहळू बाहेर फिरवा. त्यांनी हात सैल सोडायचा. आधी डावा, मग उजवा. उजवा निम्म्यावरच घट्ट अडला आणि आणखी रेटल्यावर अख्खं अंग वळायला लागलं, तर सांध्याभोवतीची पिशवी आखडलीय, म्हणजे फ्रोजन शोल्डर. शुगर आणि थायरॉइडवाल्यांत तो जास्त दिसतो. कफ पूर्ण फाटला असेल तर चित्र उलटं असतं: स्वतःहून हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला की कानापर्यंत जातो. मांडवाखाली दिवसभर हात वर धरून होणारं दुखणं तिसरंच. त्यात हात बाजूने उचलताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांत, कळ येते आणि वर गेल्यावर कमी होते.

एक्स-रे मात्र हवाच, तोही काखेतून घेतलेल्या व्ह्यूसह. मोटारीचा शॉक बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळतो, तेव्हाही हात बाहेर फिरत नाही आणि समोरून काढलेल्या फोटोत ते सहज निसटतं.

फिजिओ_नाशिकरोड: फ्रोजन निघाला तर झोळीत हात अडकवू नका, आणखी आखडेल. हाडवैद्याकडून झटका तर मुळीच नको, ठिसूळ हाड मोडतं.

१०-१५ मिनिटं शेक. मग ओणवं होऊन हात लोंबता सोडायचा आणि कमरेच्या हेलकाव्याने झुलवायचा. त्यानंतर काठी: उताणं झोपून दोन्ही हातांत आडवी धरायची, दुखऱ्या कोपराखाली घडी घातलेला टॉवेल, आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर न्यायचा. ताण जाणवेल तिथे २०-३० सेकंद थांबायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. लोक चुकतात ते भिंतीवर बोटं चढवताना. खांदा कानाकडे उचलतात, बोटं वर जातात आणि सांधा होता तिथेच राहतो. व्यायामानंतरची कळ अर्ध्या तासात उतरली पाहिजे. रात्रभर ठणकलं तर जोर जास्त झाला.

निफाड_बाग: करून बघितलं. डावा ६५ अंशांपर्यंत जातो, उजवा २५ लाच अडतो. ढकललं की कण्हतात. एक्स-रे नॉर्मल आहे.

खांदेपालट: मग फ्रोजनच धरून चला. या टप्प्यात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन (सहसा ट्रायॲमसिनोलोन ४० मिलिग्रॅम) वेदना कमी करतं, म्हणजे व्यायाम जमतो. सोनोग्राफीखाली दिलं तर सुई नेमकी जाते. पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, शुगर चढते. रोज ग्लुकोमीटर लावा आणि शुगरच्या गोळ्या-इन्सुलिनबद्दल स्टेरॉइड घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

दुखणं संपेपर्यंत दीड-दोन वर्षंही लागू शकतात. नीट व्यायाम करूनही सहा महिन्यांत हालचाल वाढली नाही, तर सलाइन भरून पिशवी ताणणं किंवा दुर्बिणीतून आखडलेली पिशवी सोडवणं हे पर्याय आहेत. कफ शिवणं ही वेगळी शस्त्रक्रिया. हाडात अँकर (टाके धरून ठेवणारा छोटा स्क्रू) बसवून स्नायूबंध ओढून बांधतात, ४ ते ६ आठवडे झोळी आणि जोराची कामं ५-६ महिने बंद. आखडलेल्या खांद्यावर ती केली तर हात आणखी जाम होण्याचीच भीती. मात्र पडून किंवा हिसका बसून हात अचानक उचलेनासा झाला, तर तिथे थांबायचं नाही. तुटलेला स्नायू आत ओढला जातो, त्यात चरबी भरते आणि मग टाका धरत नाही.

फिजिओ_नाशिकरोड: छाटणीला वडिलांना काड्या बांधायला, मोजायला ठेवा. कात्री हातात घेतलीच तर स्टूलवर उभं राहून, कोपर खांद्याच्या खाली राहील एवढ्या उंचीवरच.