प्रतिसाद: गो 92.5 चा आकडा का गेला

मुंबईचं खासगी एफएम स्टेशन गो 92.5 पुढे ‘रेडिओ वन’ झालं; हे निव्वळ मार्केटिंग होतं, असं काही जण म्हणतात. असेलही, पण 92.5 हा आकडा तसाही टिकला नसता. खासगी एफएम लायसन्सच्या 2005 च्या दुसऱ्या टप्प्यानंतर मुंबईत स्टेशनांच्या जागांमध्ये 800 किलोहर्ट्झचं, म्हणजे 0.8 मेगाहर्ट्झचं अंतर आलं: 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3. या रांगेत 92.5 बसत नाही, 92.7 शी फरक जेमतेम 0.2. साध्या खिशातल्या रेडिओवर दोघं एकमेकांत घुसले असते. म्हणून स्टेशन 94.3 वर गेलं. नावातच फ्रिक्वेन्सी गुंफली की जिंगलपासून सगळं नव्यानं!

आणि पहिल्या टप्प्यातली लायसन्स फी दरवर्षी 15 टक्के वाढायची, म्हणजे दहाव्या वर्षी जवळपास साडेतीन पट. मुख्यतः इंग्रजी पॉप वाजवणाऱ्या गो ला मिळणाऱ्या जाहिरातींवर ती कशी निघणार?