आडवं झालं की झटका, उभं राहिलं की काहीच नाही: स्टिम्युलेटरचा करंट आपोआप कसा जुळवतात?

पारिजातक

नमस्कार. कंबरेची शस्त्रक्रिया होऊनही पायातली कळ राहिली, तर काही रुग्णांना मज्जारज्जूचा स्टिम्युलेटर बसवतात, त्याबद्दल विचारतेय. इथलं मशीन साध्या प्रकारचं आहे, लावून दिला तेवढाच करंट सोडत राहतं. आठ कॉन्टॅक्टची (करंट सोडणाऱ्या धातूच्या कड्यांची) एक लीड, म्हणजे पाठीत बसवलेली बारीक वायर, टोक टी-८ (छातीच्या आठव्या) मणक्यापाशी, ५० हर्ट्झ, पल्स ३०० मायक्रोसेकंदांचा. बसल्यावर ५.२ मिलिअँपिअरला मुंग्या बरोबर दुखऱ्या जागी येतात. उताणं झालं की तोच करंट सोसवत नाही, ३.८ वर आणावा लागतो. उभं राहिल्यावर ५.२ जेमतेम जाणवतो. खोकला किंवा शिंक आली की पायात झटका.

हे लीड सरकल्याचं लक्षण समजायचं का? आणि करंट आपोआप कमी-जास्त करणारी जी नवी यंत्रणा आहे ती नेमकं काय मोजते? याच मशीनवर ती चालू करता येईल का?

ध्रुवपद

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी लीड सरकल्यासारखं वाटत नाही. लीड सरकते तेव्हा मुंग्यांची *जागा* बदलते: पायाऐवजी बरगडीला किंवा पोटाला जाणवतं, किंवा एकच बाजू उरते. तुमच्याकडे जागा तीच आहे, बदलतोय तो जोर. खात्रीसाठी दोन दिशांनी एक्स-रे काढून बसवतानाच्या एक्स-रेशी ताडून पाहा, आणि सगळ्या कॉन्टॅक्टचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) झोपून आणि उभं राहून असा दोनदा मोजून घ्या. झोपल्यावर ठीक आणि उभं राहिल्यावर एखादा कॉन्टॅक्ट एकदम हजारो ओहमनी वर जात असेल, तर वायर तुटत आलीय किंवा जोड ढिला आहे.

जोर का बदलतो ते सांगतो. लीड असते मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, पाठीच्या बाजूला. लीड आणि रज्जू यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो, आणि हे पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. रज्जू त्या पाण्यात तरंगतो. उताणं झोपलं की तो वजनाने लीडकडे येतो, उभं राहिलं की दूर जातो. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचाच असतो, पण तेवढ्याने पाण्यातून वाया जाणारा करंट खूप बदलतो. खोकताना छाती-पोटातला दाब वाढतो आणि रज्जू क्षणभर लीडकडे ढकलला जातो. थोडक्यात, मशीन ५.२ च सोडतंय, रज्जूतल्या मज्जातंतूंपर्यंत मात्र दर वेळी वेगळा डोस पोचतोय.

आपोआप जुळवण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग शरीराची स्थिती ओळखण्याचा. जनरेटरमध्ये, म्हणजे त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीच्या डबीत, मोबाइलसारखा ॲक्सिलरोमीटर (कल ओळखणारा सेन्सर) असतो. उभं, उताणं, पालथं, डाव्या-उजव्या कुशीवर आणि चालताना, अशा प्रत्येक स्थितीचा करंट आधी भरून ठेवायचा. मेडट्रॉनिकच्या अशा मशीनला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. सेट करताना रुग्णाला खरोखर त्या त्या स्थितीत झोपवून-उभं करून सेन्सरची दिशा शिकवावी लागते, कारण जनरेटर त्वचेखाली थोडा तिरका बसलेला असतो. पुढे तो त्वचेखालच्या खिशात फिरला किंवा उलटा झाला, तर मशीन झोपलेल्याला उभं समजतं आणि नेमका जास्त करंट देतं. ही शिकवणी पुन्हा घेतली की तक्रार जाते. बदलाचा वेगही महत्त्वाचा: कमी करताना झटपट, वाढवताना हळू. आरामखुर्चीत अर्धवट रेललं की हा सेन्सर गोंधळतो. आणि खोकला त्याला कळतच नाही, कारण खोकताना शरीराचा कल बदलत नाही.

कोयनाकाठ

दुसऱ्या मार्गाबद्दल मी लिहितो. यात अंदाज नाही, थेट मोजमाप आहे. पल्स दिल्यावर रज्जूतले जे तंतू पेटतात त्यांची एकत्रित विद्युत लाट त्याच लीडच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टवर ऐकायची. प्रोग्रामिंग करणारे तिला 'इकॅप' म्हणतात. तिची उंची मायक्रोव्होल्टमध्ये असते. मशीन प्रत्येक पल्सनंतर ती मोजतं, ठरवलेल्या लक्ष्याशी ताडतं आणि पुढचा पल्स तेवढा कमी-जास्त करतं. ५० हर्ट्झला दोन पल्समध्ये २० मिलिसेकंद असतात, म्हणून खोकलाही पकडता येतो. सालुडा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या 'इव्होक'ला अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली, मेडट्रॉनिकच्या 'इन्सेप्टिव्ह'ला एप्रिल २०२४ मध्ये.

ऐकणं मात्र सोपं नाही. नेहमीच्या लीडवर दोन कॉन्टॅक्टच्या मध्यांत ७ मिलिमीटर अंतर असतं. चार कॉन्टॅक्ट पलीकडे ऐकायचं म्हणजे २८ मिलिमीटर. तंतूंचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला तर लाट ०.४७ मिलिसेकंदात तिथे पोचते. तुमचा पल्स ३०० मायक्रोसेकंदांचा, त्यानंतर विद्युतभार परत ओढणारा तेवढाच उलटा भाग, म्हणजे ०.६ मिलिसेकंद झाले. पल्स संपायच्या आत लाट निघून जाते आणि ऐकू येतो तो फक्त पल्सचा गोंगाट. म्हणून मोजायचं तर पल्स अरुंद लागतो आणि ऐकण्याचे कॉन्टॅक्ट शक्य तितके लांबचे.

सेट करण्याचा क्रम: आधी इम्पीडन्स. मग रुग्णाला बसवून करंट ०.१ मिलिअँपिअरने वाढवत न्यायचा आणि तीन आकडे लिहायचे: पहिल्यांदा जाणवलं तो, बरं वाटलं तो, नको वाटलं तो. त्याच वेळी लाटेची उंची नोंदवायची. आलेख सुरुवातीला सपाट राहतो, मग जवळजवळ सरळ रेषेत चढतो. लक्ष्य त्या चढत्या भागावर, 'बरं वाटलं'च्या पट्ट्यात ठेवायचं. चढ सापडण्याआधीच रुग्ण नको म्हणाला तर बंदिस्त फेरा (मोजून आपोआप जुळवणं) चालू करू नये. कॉन्टॅक्टची जोडी बदलून पुन्हा पाहावं.

त्यानंतर कमाल करंटची मर्यादा. ही विसरली जाते आणि अडचणी इथेच होतात. फार खाली ठेवली तर उभं राहिल्यावर मशीन मर्यादेला टेकतं आणि मुंग्या विरतात. फार वर ठेवली आणि ऐकण्याचा कॉन्टॅक्ट खराब झाला, तर मशीनला लाट दिसत नाही म्हणून ते करंट चढवतच जातं. उभं असताना लागणाऱ्या करंटच्या थोडं वर ही मर्यादा हवी.

शेवटी फेऱ्याची तीव्रता, म्हणजे चूक दिसल्यावर किती जोरात दुरुस्त करायचं ते. जास्त झाली तर करंट वर-खाली हेलकावतो, रुग्ण 'लाटा येतात' असं सांगतो. कमी झाली तर खोकल्याचा झटका निसटतो. रुग्णाला मुद्दाम खोकायला लावून, उताणं झोपवून, चालवूनच ती ठरवावी.

आणखी एक बारकावा, याकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होतं. रज्जू दूर गेला की तंतू कमी पेटतात, शिवाय जी लाट उठते तीही *ऐकायला* लहान येते. नुसती लाटेची उंची कायम ठेवली तर दूर असताना डोस जास्तच होतो. म्हणून चांगल्या पद्धतीत लाटेच्या उंचीबरोबर लावलेला करंटही हिशेबात घेतात.

पारिजातक

दोघांचे आभार. मग साध्या मशीनवर हे नुसतं सॉफ्टवेअर टाकून होणार नाही, असंच ना? तोपर्यंत काय करावं?

कोयनाकाठ

नाही होणार. मायक्रोव्होल्ट ऐकणारा ॲम्प्लिफायर आणि ॲक्सिलरोमीटर ही जनरेटरमधली उपकरणं आहेत. बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा विचार करा. पण लीड एका कंपनीची आणि जनरेटर दुसरीचा असेल तर अडॅप्टर लागतो, आणि अशा जोडणीला एमआरआयची मुभा सहसा राहत नाही. हे आधीच लेखी विचारून घ्या.

घाईने बदलू नका असंही सांगेन. 'इव्होक'च्या चाचणीत १३४ रुग्ण होते, दोन्ही गटांत मशीन तेच, एका गटात फेरा बंद ठेवलेला. १२ महिन्यांनी निम्म्याहून जास्त वेदना कमी झालेले ८३.१ टक्के विरुद्ध ६१ टक्के. फरक मोठा आहे, पण ६१ टक्के हेही नीट लावलेल्या साध्या मशीनचंच काम आहे.

सध्या झोपणं, बसणं आणि उभं राहणं असे तीन प्रोग्राम साठवून घ्या: ३.८, ५.२ आणि उभ्यासाठी मोजून जो येईल तो. क्रम महत्त्वाचा: *आधी* बटण दाबायचं, मग आडवं व्हायचं. उठताना उलट, आधी उठायचं, मग वाढवायचं. शिवाय मुंग्या न जाणवणारा प्रोग्राम तुमच्या मशीनवर आहे का ते विचारा. त्यात खोकल्याचा झटका बसत नाही.

तेरडा

फिजिओथेरपीच्या बाजूने एकच मुद्दा, पण फार गंभीर. आपल्याकडे कंबरदुखी म्हटलं की क्लिनिकमध्ये शेक म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मी लावतात. स्टिम्युलेटर असलेल्या रुग्णाला ती *कधीही* नाही, शरीराच्या कुठल्याही भागावर नाही, मशीन बंद ठेवूनही नाही. लीड ती ऊर्जा ओढून घेते आणि टोकाशी ऊतक भाजतं. मायक्रोवेव्ह आणि उपचाराचा अल्ट्रासाउंड यांनाही हेच लागू. सोनोग्राफीची गोष्ट वेगळी, फक्त प्रोब थेट जनरेटरवर दाबू नये.

पायात नवी कमजोरी, लघवी अडणं, ताप किंवा टाक्यातून पू आला तर रिमोटशी खेळत बसू नका, त्याच दिवशी शल्यविशारदाला दाखवा.