घरातल्या गुपितांच्या कादंबऱ्या शेवटाशी येऊन निराशा का करतात?

पानखूण (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आम्ही नौपाड्यातले आठ जण गेल्या दीड वर्षापासून महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. यंदा आम्ही ठरवून कौटुंबिक रहस्यकादंबऱ्या वाचायला घेतल्या. या कादंबऱ्यांत गुन्हेगार बाहेरून येत नाही, पोलीस उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि वाचकाला भीती वाटते ती अंधाऱ्या गल्लीची नव्हे, तर स्वयंपाकघरात शांतपणे चहा गाळत उभ्या असलेल्या माणसाची. काही आम्ही इंग्रजीतून वाचल्या, काही मराठी अनुवादातून. आतापर्यंत सहा झाल्या.

माझा अनुभव प्रत्येक वेळी सारखाच आहे. पहिली दोनशे पाने मी हातातली कामे टाकून वाचते. नवऱ्याने सहज विचारलेला प्रश्न, सासूने बदललेला विषय, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले एक पाकीट, अशा लहान गोष्टींमुळे मनात जो संशय साचत जातो, तो मला अगदी ओळखीचा वाटतो. मात्र शेवटची पन्नास पाने आली की कलाटणी येते, रहस्याची उकल होते आणि पुस्तक मिटताना हाती काहीच उरत नाही. एवढ्या काळजीने उभे केलेले घर लेखकाने एका धक्क्यासाठी पाडून टाकले, असे वाटत राहते. सहापैकी दोन कादंबऱ्यांत तर सगळ्याचे उत्तर एवढेच होते की त्या घरातली एक बाई मनोरुग्ण होती.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. गेल्या बैठकीत आमच्यापैकी एकीने विचारले, ‘एवढे सगळे होत असताना ही बाई घर सोडून निघून का गेली नाही? शिकलेली आहे, नोकरी आहे, मग अडले कुठे?’ आम्ही दोघीतिघींनी तिला दुजोरा दिला. त्यांत मीही होते. गटातली एक मैत्रीण, जी आमच्यात सर्वांत बारकाईने वाचते, तिने त्यानंतर पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि उरलेला वेळ ती एक शब्दही बोलली नाही. पुढचे काही महिने येणार नसल्याचा निरोप तिने नंतर पाठवला. तिच्या घरी काय आहे हे मला ठाऊक नाही आणि त्याचा तर्क मी इथे करणार नाही, परंतु आमच्या त्या प्रश्नात काहीतरी चुकले, ही टोचणी जात नाही.

म्हणून विचारते. या कादंबऱ्यांचे शेवट खरोखरच फसतात, की मी त्या चुकीच्या अपेक्षेने वाचते? आणि अशा पुस्तकांवर चार माणसांत बसून कसे बोलावे?

खाडीकाठ (वाशी)

पानखूणताई, मला तुमचे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. ‘गुपित काय होते?’ आणि ‘ती निघून का गेली नाही?’ हे दोन्ही प्रश्न घराबाहेर उभे राहून विचारलेले आहेत. आतल्या माणसाचा प्रश्न निराळा असतो: मी जे पाहिले ते खरेच पाहिले का?

पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ सालचे आहे. आज ज्याला ‘गॅसलायटिंग’ म्हणतात, तो शब्द त्यावरूनच आला. त्यातला नवरा संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि थोड्याच वेळात घरातले गॅसचे दिवे मंद होतात. तो बाहेरून फिरून त्याच घराच्या बंद ठेवलेल्या वरच्या मजल्यावर येतो, तिथले दिवे लावतो आणि त्यामुळे खालच्या दिव्यांचा गॅस कमी पडतो. बायकोला हे दिसते, तिचे निरीक्षण अचूक आहे, पण तुझे डोके ठिकाणावर नाही असे तिला इतक्यांदा सांगितले गेले आहे की, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की घरावर, हे तिला ठरवता येत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. नवरा कोण आहे आणि काय करतो आहे, हे एक निवृत्त पोलीस अधिकारी येऊन पहिल्याच अंकात सांगून टाकतो. रहस्य लवकर संपते, तरीही नाटक शेवटपर्यंत धरून ठेवते, कारण त्यातला ताण उकलीवर उभा नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास परत येतो की नाही, यावर तो उभा आहे.

तुम्हाला निराश करणाऱ्या कादंबऱ्यांत याच्या उलट घडत असावे. तिथे बाईचा संशय हे केवळ वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेण्याचे साधन असते, आणि उकल झाली की तिच्या मनाचे काय झाले हे विचारायला लेखक थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला परक्या कादंबऱ्या वाचताना फार जाणवते. तिकडच्या गोष्टीत मोठे, एकटे घर असते, त्यात दोघेच राहतात, एकाला ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते. आपल्याकडे घराला तळघर नसते, फार तर माळा असतो, आणि दोन खोल्यांत सहा माणसे वावरत असतात. अशा घरात कोणापासूनही काही लपून राहत नाही. गुपित सगळ्यांना माहीत असते, फक्त त्याविषयी ब्र काढायचा नसतो. अळीमिळी गुपचिळी. लहान मुलाला हा नियम कोणी शिकवत नाही, तरी सातव्या-आठव्या वर्षी तो त्याला पूर्ण येत असतो.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्याला कोणी रहस्यनाट्य म्हणणार नाही, पण मला ते या दृष्टीने वाचण्याजोगे वाटते. वाड्यातले पैसे संपले आहेत हे त्या वाड्यातल्या प्रत्येकाला कळते, गावालाही कळते, बंद पडलेला ट्रॅक्टर सर्वांच्या डोळ्यांसमोर गंजत असतो, तरीही वडिलांच्या तेराव्याला गावजेवण घालायचे असते. झाकली मूठ उघडायची कोणी, एवढाच प्रश्न. जयवंत दळवी यांच्या लेखनातही घरातल्या वेडाचे आणि दडपलेल्या वासनेचे अनेक प्रसंग असे आहेत की वाचक दचकतो आणि घरातली माणसे मात्र दचकत नाहीत, कारण त्यांना ते रोजचे असते. ही भीती मला कलाटणीपेक्षा पुष्कळ मोठी वाटते.

पनवेल गाडी (नेरूळ)

मी थोडा असहमत आहे. मी या कादंबऱ्या बहुतेक ठाणे ते नेरूळ गाडीत वाचतो आणि कलाटणीसाठीच वाचतो. कलाटणीला कमी लेखणे मला पटत नाही. प्रामाणिक लेखक आधीच्या पानांत पुरावा उघड्यावर मांडून ठेवतो, आपण तो पाहतो आणि चुकीचा अर्थ लावतो. हा चुकीचा अर्थ आपण का लावला, कोणाच्या सांगण्यावर लगेच विश्वास ठेवला आणि कोणाच्या नाही, हे दुसऱ्या वाचनात उमगते. पहिल्या खेपेला मी जवळजवळ नेहमीच शांत, समजूतदार बोलणाऱ्या नवऱ्यावर विश्वास ठेवतो आणि रडणाऱ्या बाईवर ठेवत नाही. ही गोष्ट मला या पुस्तकांनीच दाखवली.

कलाटणी कुठे ठेवली आहे, एवढेच पाहावे. डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या १९३८ च्या ‘रिबेका’मध्ये सांगणाऱ्या नायिकेचे नाव शेवटपर्यंत कळत नाही, आणि पहिल्या बायकोविषयीची मोठी कबुली शेवटच्या पानावर नव्हे, तर बरीच पाने उरलेली असताना येते. त्या उरलेल्या पानांत वाचक स्वतः अडचणीत सापडतो, कारण सत्य कळल्यावरही ते बाहेर पडू नये असे त्याला वाटू लागते. काय कबुली ते लिहीत नाही, तुमच्या गटात कोणी वाचले नसेल तर त्यांचा आनंद जायला नको.

येऊरच्या पायथ्याशी (ठाणे)

‘घरातली बाई मनोरुग्ण होती’ या उत्तराबद्दल मला लिहायचे आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्यामुळे आमच्या शहराचे नावच बोलीत एक शिक्षा होऊन बसले. माझे बालपण दादरला गेले, आणि कोणी मनासारखे वागले नाही की ‘हिला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य घरीदारी सहज कानावर पडत असे. लग्न होऊन मी ठाण्यातच राहायला आले, तेव्हा ते वाक्य म्हणणाऱ्या नातेवाइकांना काही क्षण काय बोलावे ते सुचेना.

आमच्या घरच्या अल्बममध्ये एका काळ्या पानावर फोटो चिकटवायचे चार कोपरे होते आणि मध्ये फोटो नव्हता. लहानपणी मी विचारले की आई पान उलटत असे. वडील गेल्यानंतर, मी चौतीस वर्षांची असताना, काकूंनी सांगितले की तो फोटो माझ्या थोरल्या आत्याचा होता. ती लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी परत आली, का परत आली हे तिने चारचौघांत मोठ्याने सांगितले, आणि जे तिने सांगितले ते खोटे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग घराने निवडला. तिला वेड लागले आहे, असे ठरले. पुढची सगळी वर्षे ती कोकणातल्या घरी मागच्या खोलीत राहिली. तिला कोणत्याही डॉक्टरला कधी दाखवले नव्हते, हेही काकूंनीच सांगितले.

म्हणून एखादी कादंबरी तीनशे पानांनंतर ‘ती वेडी होती’ एवढेच उत्तर देते, तेव्हा मला निराशेपेक्षा राग येतो. ते उत्तर लेखकाला सुचलेले नसते. घराने आधीच तयार ठेवलेले असते आणि लेखकाने ते न तपासता उचललेले असते. मनाचा आजार असलेली माणसे कादंबरीत जरूर असावीत, त्यांचे दिवस कसे जातात, औषधांनी काय होते, त्यांच्याशी घर कसे वागते हे यावे. परंतु आजार हा कुलपाच्या किल्लीसारखा शेवटी खिशातून काढू नये. हे वाचणाऱ्याच्या घरीही एखादा रिकामा फोटो असू शकतो.

सानपाडा सेक्टर (नवी मुंबई)

‘ती निघून का गेली नाही’ याचे उत्तर कादंबरीतल्या व्यवहारात शोधावे, असे मी सुचवेन. घर कोणाच्या नावावर आहे, कर्जाचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, पगार तिचा असला तरी एटीएम कार्ड कोणाकडे असते, मुलाची शाळा कुठे आहे, माहेरी जागा आहे का, आणि जागा असली तरी ‘परत आलीस’ हे कोण किती वेळा ऐकवणार आहे? चांगली लेखिका ही माहिती कुठेतरी पेरतेच. तुमच्या गटाने पुढच्या वेळी तेवढीच पाने काढून वाचावीत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो, आणि घर तिच्या नावावर नसले तरी ज्या घरात ती संसार करत होती तिथे राहण्याचा तिचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे ‘निघून जा’ हा एकच मार्ग आहे असे कायदाही मानत नाही. महिलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी १८१ आहे. हे मी तुमच्या मैत्रिणीच्या संदर्भात लिहीत नाही, तिच्याविषयी तर्क करायचा नाही हा तुमचा निर्णय योग्यच आहे. तिला कारण विचारू नका. तिच्याशी पुस्तकाखेरीज दुसऱ्या कशावर तरी बोला, आणि बैठक कधी व कुठे आहे तेवढे दर महिन्याला कळवत राहा.

पानखूण (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. येऊरच्या ताई, तुमचा मजकूर मी दोनदा वाचला आणि मग त्या दोन कादंबऱ्यांपैकी एक पुन्हा उघडली. त्यात त्या बाईच्या आजाराविषयी डॉक्टर एकदाही बोलत नाहीत, जे काही कळते ते सगळे तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या तोंडून कळते. पहिल्या वाचनात हे माझ्या लक्षातच आले नव्हते. हे लेखिकेने जाणून केले आहे की तिच्याकडून तसेच राहून गेले, हे अजून मला ठरवता आलेले नाही, त्यासाठी शेवटची प्रकरणे पुन्हा वाचावी लागतील. तसे असेल तर पनवेल गाडी म्हणतात त्याप्रमाणे पुरावा समोरच होता आणि चुकीचा अर्थ मी लावला.

पुढच्या बैठकीसाठी ‘वाडा चिरेबंदी’ ठरवले आहे. एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी मिळते का ते पाहायला शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणार आहे. १८९३ पासूनचे ग्रंथालय घराजवळ असून मी तिथे शेवटची कधी गेले होते, हे मला आठवतही नाही.

मैत्रिणीला आज दुपारी लिहिले. पुस्तकाचा विषय काढला नाही. तिच्या गच्चीवरच्या मोगऱ्याला यंदा कळ्या आल्या का, एवढे विचारले, आणि खाली बैठकीची तारीख दिली. तिने मोगऱ्याचा फोटो पाठवला आहे.